घरच्या घरी १९२० सालची जिन कॉकटेल्स: माझ्या 'बीज नीज'चा काढा का होतोय?

आसावरी_ठाणे

मंडळी, मदत हवी आहे आणि हातात दहाच दिवस आहेत.

नवऱ्याचा पन्नासावा वाढदिवस. लेकीने (वय १९, म्हणजे ती फक्त सजावट बघणार) थीम ठरवली आहे: अमेरिकेतली दारूबंदी. काळे-सोनेरी फुगे, मोत्यांच्या माळा, दार ठोठवायचं, परवलीचा शब्द सांगायचा, मगच आत. परवलीचा शब्द 'पुरणपोळी'. माणसं बारा. प्यायचं खातं माझ्याकडे आलंय, कारण "आई, तू सरबतं छान करतेस."

काल रात्री रंगीत तालीम केली. बीज नीज. जिन, लिंबू आणि मध, तीनच वस्तू, म्हटलं यात काय चुकणार? ६० मिली जिन, ३० मिली लिंबाचा रस, दोन चमचे मध, बर्फ. शेकर नाही म्हणून स्टीलच्या रुंद तोंडाच्या बाटलीत घालून खळखळ हलवलं. गाळलं तर मध सगळा बाटलीच्या तळाशी गोळा होऊन बसलेला, आणि ग्लासात आलं ते आंबट, कडू, पाणचट. नवऱ्याने एक घोट घेतला आणि विचारलं, "हे जेवणाआधी घ्यायचं की नंतर?"

तर प्रश्न असे. मध विरघळत का नाही? चव काढ्यासारखी का? आणि बारा जणांना पुरतील अशी त्या काळातली तीन-चार पेयं सुचवा, ज्यांना दहा हजारांच्या बाटल्या लागणार नाहीत.

बोका_वाकडेवाडी

आमच्यात पन्नाशीला शांत करतात. तुमच्यात अशांत करतात असं दिसतंय.

(हलकेच घ्या.) परवलीचा शब्द आवडला.

पेगमास्तर

आसावरीताई, मधाचं उत्तर सोपं आहे. थंडीत मध घट्ट होतो, हे आपल्याला फ्रिजमध्ये चुकून ठेवलेल्या बाटलीवरून माहीत असतं. बर्फावर ओतला की तो जागीच थिजतो. आधी मधाचा पाक करा. पाक म्हणजे शिजवायचं नाही. एक वाटी मधात एक वाटी गरम पाणी (उकळतं नको), ढवळा, गार करा. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतो. मग ६० जिन, २० लिंबू, २० मधाचं पाणी. तुम्ही ३० मिली लिंबू घातलंत, तिथेच अर्धा काढा झाला.

मापाला वेगळं काही विकत घेऊ नका. घरात पेग मेजर असेलच: एक बाजू ३०, दुसरी ६०. बाकीच्यासाठी औषधाच्या बाटलीचं झाकण, त्यावर ५-१०-१५ च्या रेघा असतात. अंदाजपंचे ओतू नका. आमटीत अंदाज चालतो, इथे ५ मिली लिंबाने सगळं बदलतं.

वाचनमात्र_होतो

वाखूसा (वाचनखूण साठवली). आणि पॉपकॉर्न घेऊन बसलोय, कारण आता इतिहासवाले येतील.

इतिहासाचा_किडा

आलो.

अमेरिकेची दारूबंदी १७ जानेवारी १९२० ला लागू झाली आणि ५ डिसेंबर १९३३ ला उठली. गंमत म्हणजे दारू पिणं हा गुन्हा नव्हताच. बनवणं, विकणं, वाहून नेणं हा गुन्हा. ज्यांनी आधीच तळघरं भरून ठेवली होती ते श्रीमंत लोक घरात बसून तेरा वर्षं सुखाने पीत राहिले.

जिनच का, तर ती मुरवावी लागत नाही. व्हिस्कीला पिंपात वर्षं घालवावी लागतात. जिनला मद्यार्क, पाणी, ज्युनिपरचं (एका झुडपाच्या सुगंधी फळांचं) तेल आणि थोडं ग्लिसरीन ढवळलं की झाली. 'बाथटब जिन' म्हणतात ती हीच. टबात दारू गाळायचे असा समज आहे, पण त्याचं सांगितलं जाणारं कारण साधं आहे: उंच बाटल्या बेसिनच्या नळाखाली मावत नसत, म्हणून टबाच्या नळावर पाणी भरायचे.

आता महत्त्वाचा मुद्दा. थीमवाल्या यादीत जी नावं असतात त्यातली निम्मी त्या काळातली नाहीतच. लास्ट वर्ड नावाचं कॉकटेल डेट्रॉइट अ‍ॅथलेटिक क्लबच्या १९१६ च्या मेन्यूवर ३५ सेंटला होतं. एव्हिएशन ह्यूगो एन्स्लिन या न्यू यॉर्कच्या बारमनच्या पुस्तकात दारूबंदीआधीच छापलं गेलं. आणि जी खरोखर १९२० ते ३३ मध्ये गाजली त्यातली बरीच अमेरिकेत नाही, तर लंडन-पॅरिसला. बारमन बेकार झाले, बोटीत बसले आणि युरोपात गेले. हॅरी क्रॅडॉक हा त्यातला ठळक माणूस. मूळचा इंग्रज, अमेरिकेत धंदा शिकला, दारूबंदी आल्यावर परत लंडनला. सॅव्हॉय हॉटेलच्या अमेरिकन बारमध्ये उभा राहिला आणि १९३० साली तिथल्या कृतींचं जाडजूड पुस्तक काढलं.

तुमच्या बीज नीजचं श्रेय बहुतेक जण पॅरिसच्या रिट्झ हॉटेलमधल्या फ्रँक मायरला देतात. नावाचा शब्दशः अर्थ मधमाशीचे गुडघे, पण त्या वेळच्या बोलीत 'एकदम भारी'.

बोका_वाकडेवाडी

मधमाशीचे गुडघे! म्हणजे पन्नाशीला अगदी योग्य पेय. गुडघ्यांचाच विषय.

अप्पा_सातारकर

सर्वांना नमस्कार. माझं मत कोणी विचारलेलं नाही, तरी लिहितो. वाढदिवसाला औक्षण करावं, चार माणसांना जेवू घालावं. अमेरिकेत लोक चोरून दारू पीत होते याचा उत्सव ठाण्यात कशासाठी? त्या काळात कित्येक माणसं विषारी दारूने मेली. त्याची थीम करणं मला रुचत नाही.

इतिहासाचा_किडा

अप्पाकाका, मुद्दा रास्त आहे, आणि त्यावर कोणी फुगे लावत नाही हेही खरं. कारखान्यांत लागणाऱ्या मद्यार्कात सरकारच विषारी द्रव्यं मिसळायला लावत होतं, म्हणजे तो कोणी पिऊ नये. चोरटे तो मद्यार्क पळवून, शुद्ध करायचा प्रयत्न करून विकायचे. १९२७ च्या सुमारास सरकारने मिथेनॉलचं प्रमाण आणखी वाढवलं. मेली ती गरीब माणसं. १९३० मध्ये 'जमैका जिंजर' नावाच्या औषधी आल्याच्या अर्कात भेसळ निघाली आणि तो पिणाऱ्या हजारोंचे पाय लुळे पडले. पैसेवाले तेव्हा कॅनडाहून आलेली अस्सल व्हिस्की पीत होते.

आसावरी_ठाणे

अप्पाकाका, औक्षण आहे हो, साडेसहाला. सासूबाईंनी ते आधीच ठरवून टाकलंय. पुरणपोळ्याही खऱ्याच आहेत.

पेगमास्तर, मधाचं पाणी करून आज पुन्हा केलं. विरघळलं! पण कडवटपणा अजून आहे. लिंबू २० मिलीच घातलं.

एडिसनकर

न्यू जर्सीहून. ताई, तुम्ही लिंबू कोणतं वापरताय? मूळ कृतीत लेमन आहे: पिवळं, मोठं, जाड सालीचं. आपलं कागदी लिंबू म्हणजे लाइमच्या घराण्यातलं. वास वेगळा, धार वेगळी. लेमनशिवाय केलेलं ते बीज नीज नव्हेच, स्पष्ट सांगतो. मी इथे चार वर्षं करतोय.

पेगमास्तर

एडिसनकर, तुमच्याकडे लेमन कोपऱ्यावर मिळतं म्हणून हे सोवळं परवडतं. इथे आयात लेमन मिळतं, पण एकेक केवढ्याला! कागदी लिंबाने उत्तम होतं, फक्त दोन गोष्टी सांभाळायच्या. एक, २० ऐवजी १५ मिली. दुसरी, त्या लोखंडी पिळणीत साल पार उलटी होईपर्यंत दाबू नका. सालीतलं तेल आणि पांढऱ्या भागाचा कडूपणा रसात उतरतो. हाताने, हलकं. बी लगेच काढा.

एडिसनकर

सोवळं नाही, व्याख्या आहे. उद्या तुम्ही गुळाच्या पोळीत साखर घालाल आणि म्हणाल चालतं.

बोका_वाकडेवाडी

पोळीवर जाऊ नका राव. परवलीचा शब्द आहे तो.

म्हापशेकर

देव बरें करूं. गोंयांतून एक पोस्ट.

ताई, जिन कुठली घेतली ते लिहिलं नाही तुम्ही. आता आपल्याकडेच चांगली होते. ग्रेटर दॅन २०१७ साली आली, मग स्ट्रेंजर अँड सन्स, दोन्ही गोव्याची. लिंबू-मधाला ग्रेटर दॅन बरी, साधी सरळ ज्युनिपरची. दुसऱ्यांत मसाले, साली जास्त असतात, त्या मधाबरोबर भांडतात.

आणि माझं म्हणणं, जिनबिन सोडा, मार्च ते मे आमच्याकडे या. उर्राक (काजूच्या फळाची पहिल्या धारेची दारू), लिंबू, मीठ, मधोमध चिरलेली मिरची, वर लिम्का. त्याला थीम लागत नाही.

चकली_अँड_सन्स

म्हापशेकर, जाहिरात चालू आहे का पर्यटन खात्याची?

अवांतर: बॉम्बे सफायरचं आणि आपल्या मुंबईचं काय नातं?

इतिहासाचा_किडा

फक्त नावाचं. ती इंग्लंडमध्ये बनते, १९८७ च्या आसपास बाजारात आली. पण नावातलं रत्न तुमच्या धाग्याला जोडता येतं. 'स्टार ऑफ बॉम्बे' हा १८२ कॅरटचा नीलम, मूळ श्रीलंकेचा. मूकपटांचा नट डग्लस फेअरबँक्स याने तो आपल्या बायकोला, नटी मेरी पिकफर्डला भेट दिला होता. आता वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. मेरी पिकफर्डच्या नावाचं कॉकटेल त्याच काळातलं, हवानातलं, पण ते रमचं. म्हणजे तुमच्या यादीतून बाद.

काष्ठौषधी

रच्याकने (रस्त्याच्या कडेने, म्हणजे जाता जाता), ज्युनिपर आपल्याला नवी नाही. आयुर्वेदात 'हपुषा' म्हणून आहे, पोटाच्या तक्रारींवर. हापुसा नावाची जिन आहे तिचं नाव तिथूनच. आणि जिनमध्ये ज्युनिपरच्या खालोखाल सगळ्यात जास्त काय असतं माहीत आहे? धने. आपण डब्यात ठेवतो तेच. त्यामुळे "काढ्यासारखं लागतं" ही तक्रार नाही, निदान आहे!

आसावरीताई, एक विचारते. मध कोणता होता?

आसावरी_ठाणे

महाबळेश्वरचा. आत्या घेऊन आली होती. थांबा, बाटली बघते. जांभळाचा.

काष्ठौषधी

सापडलं!! जांभळाचा मध मुळातच किंचित कडवट, तुरट असतो, रंगानेही काळपट. त्यात ज्युनिपर, त्यात लिंबाची साल. कडू तिन्हीकडून आलं. तो मध आत्याचा आहे, फेकू नका, सकाळी कोमट पाण्यातून घ्या. पार्टीला साधा, फिका, बहुफुली मध आणा.

पेगमास्तर

मानलं ताई. मी दोन दिवस लिंबाच्या मागे होतो.

एडिसनकर

मीही. पण लेमनबद्दलचं मत कायम.

फक्त_सरबत

मी पीत नाही, पण अशा पार्ट्यांना जाते आणि दर वेळी माझ्या हातात कोमट कोला देतात. आमच्यासाठी काही करणार का?

आसावरी_ठाणे

बाराजणांत तिघं न पिणारे आहेत, आणि सासूबाई. सुचवा की कोणीतरी.

काष्ठौषधी

धने, दोन वेलच्या, संत्र्याच्या सालीचा तुकडा, मिळालीच तर ज्युनिपरची सात-आठ फळं. पाण्यात दहा मिनिटं उकळा, गार करा, गाळा. जिनच्या जागी ते पाणी, बाकी मध, लिंबू तेच, तसंच बर्फात हलवून त्याच ग्लासात. ज्युनिपर गरोदर बायका आणि किडनीचा त्रास असणाऱ्यांना नको, त्यांना नुसत्या धन्या-वेलचीचं द्या.

फक्त_सरबत

त्याच ग्लासात हे फार महत्त्वाचं बोललात.

दादरचा_डबेवाला

कोणी घरी जिन बनवून पाहिली आहे का? मी व्होडकात ज्युनिपर आणि धने भिजवले, दोन दिवस. पिवळसर झाली, पण वास जबरदस्त. बाथटब जिन म्हणावी का?

पेगमास्तर

तत्त्वतः हो, बाथटबवाले तेच करत होते, फक्त तुझी व्होडका दुकानातली आहे, हा जीवनमरणाचा फरक. ३६ तासांपुढे ठेवू नकोस, कडू होते. संत्र्याची साल शेवटच्या दोन तासांतच. मात्र भट्टी लावून गाळण्याचं कोणाच्या मनात येत असेल तर ते परवान्याशिवाय बेकायदा आहे आणि धोक्याचंही. त्यावर इथे चर्चा नको.

बोका_वाकडेवाडी

परवान्यावरून आठवलं. आसावरीताई, परवाना आहे ना? आपल्या महाराष्ट्रात दारू बाळगायला आणि प्यायला अजूनही परवाना लागतो. एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आजन्म. बारला 'परमिट रूम' उगाच नाही म्हणत. तुमच्या थीमला शिकागोला जायची गरजच नव्हती.

अप्पा_सातारकर

बोका, हे तुम्ही बरोबर आठवण करून दिलंत. म्हणून पुन्हा लिहायला बसलो.

१९४९ चा मुंबईचा दारूबंदी कायदा. त्यानंतर मुंबईत कडक बंदी होती, साठच्या दशकात सैल होत गेली. मी तेव्हा अकरा-बारा वर्षांचा, ठाकूरद्वारला चाळीत राहत होतो. आमचे एक काका (सख्खे नव्हेत, शेजारचे) धोबीतलावला एका आंटीकडे जात. जेवायला उशीर झाला की काकू मला त्यांना आणायला पिटाळत. मी उंबऱ्यावर उभा राहायचो. पुढच्या खोलीत मेरीमातेची तसबीर, तिच्यापुढे लाल दिवा, शिवणाचं मशीन. आंटी बाई सभ्य, कोणी मोठ्याने बोललं तर हाकलून द्यायची. पडद्यामागे चार खुर्च्या. बशीत उकडलेली अंडी आणि मीठ लावलेले चणे. माल रबरी ट्यूबांतून यायचा असं सगळे म्हणत, मी पाहिलेला नाही.

पाहिलं ते एकच, बर्फ. भुशात लोळवलेली, गोणपाटात गुंडाळलेली लादी यायची. आंटी ती धुवायची, मग टोच्याने मोठे मोठे खडे पाडायची. चुरा कधी ग्लासात घालायची नाही. तो माझ्या हातावर ठेवायची, वर काळं मीठ. "चुऱ्याचं पाणी होतं रे बाबा, गिऱ्हाईक शिव्या देतं," असं म्हणायची. तुम्ही तुमचं पेय पाणचट लागतं म्हणालात, म्हणून सांगितलं. मी स्वतः कधी घेतलेली नाही.

वाचनमात्र_होतो

अप्पाकाका, हा प्रतिसाद धाग्यापेक्षा भारी. वेगळा लेख लिहा.

पेगमास्तर

काका, साष्टांग. आंटीने एका वाक्यात सांगितलं ते मी तीन परिच्छेदांत सांगणार होतो.

ताई, पाणचटपणाचं कारण हेच. फ्रिजच्या ट्रेमधले छोटे खडे, तेही बाहेर काढून दहा मिनिटं ओले झालेले. हलवायला सुरुवात करायच्या आधीच पाणी. थोडं पाणी हवंच असतं. दहा-बारा सेकंद जोरात हलवलं की पेयात साधारण पाव भाग पाणी मिसळतं, तेवढं गणितात धरलेलं आहे. त्याच्या वर गेलं की सरबत.

लादी आणायची तर खाण्याचा बर्फ आहे याची खात्री करा, निळसर रंगाचा असेल तर तो खाण्याचा नाही. त्यापेक्षा घरी करा. पोळ्यांचा कॅसरोल आहे ना, तो झाकण न लावता पाणी भरून फ्रीजरमध्ये ठेवा. बाजूने आणि खालून उष्णता अडते, त्यामुळे पाणी वरून खाली गोठत जातं आणि बुडबुडे तळाकडे ढकलले जातात. अठरा-वीस तासांनी उलटा करा. वरचा भाग काचेसारखा निघेल, खालचा धुरकट कापून टाका. पाव कापायच्या दातेरी सुरीने रेघ मारायची, सुरीच्या पाठीवर लाटण्याने टक्. सरळ फुटतो.

आसावरी_ठाणे

सासूबाई विचारतायत, पोळ्या कुठे ठेवायच्या.

एडिसनकर

बाकीच्या पेयांकडे वळू या का? माझी निवड: साउथ साइड. जिन ६०, लिंबू २०, साखरेचा पाक २०, पुदिन्याची सहा-सात पानं. (इथे कागदी लिंबू चालेल, माझा आक्षेप नाही.) पुदिना खलबत्त्यात कुटू नका. बर्फ हलतानाच पुरेसा चेचला जातो, कुटला की गवतासारखा वास येतो. पानांचे कण राहतात, म्हणून चहाच्या गाळणीतून दुसऱ्यांदा गाळा. नावाबद्दल एक गोष्ट शिकागोच्या दक्षिण भागातल्या गुंडांची सांगतात, दुसरी लाँग आयलंडच्या क्लबची. तुमच्या थीमला गुंडांची सांगा.

आणि फ्रेंच ७५. पहिल्या महायुद्धातल्या फ्रेंचांच्या ७५ मिमी तोफेवरून नाव. जिन ३०, लिंबू १५, पाक १५ हे हलवून गाळायचं, मग उंच ग्लासात वरून शॅम्पेन.

चकली_अँड_सन्स

शॅम्पेनच्या जागी नाशिकची स्पार्कलिंग (फसफसणारी) वाइन घ्या. दिंडोरीची शांदों किंवा सुलाची ब्रूट. आणि हात जोडून विनंती: ती शेकरमध्ये घालू नका. गेल्या डिसेंबरात आमच्या साडूंनी 'एकदमच सगळं' म्हणून झाकण लावून हलवलं. झाकण पंख्याला, वाइन छताला आणि पाक साडूंच्या चष्म्याला. पंखा चालू होता. घरमालक अजून विचारतात छतावर ते डाग कसले.

दादरचा_डबेवाला

लोळून हसतोय.

म्हापशेकर

कोकमाचं आगळ घालून साउथ साइड करा. रंग बघा कसा येतो.

एडिसनकर

चांगलं लागेलही. पण मग नाव बदला.

म्हापशेकर

'वेस्ट साइड'. आमचो पश्चिम किनारो.

इतिहासाचा_किडा

लास्ट वर्ड कोणी सुचवू नये म्हणून आधीच सांगतो. त्याला हिरवी शार्त्रूज नावाची गोड दारू लागते. फ्रान्सचे कार्थुसियन संन्यासी १३० वनस्पती घालून ती करतात, आणि प्रार्थनेला वेळ मिळावा म्हणून त्यांनी उत्पादन वाढवायचं नाही असं ठरवलंय. जगभर टंचाई आहे. मागणी वाढली म्हणून माल न वाढवणारा दुसरा उत्पादक मला माहीत नाही.

बोका_वाकडेवाडी

आहे की. पुण्यात १ ते ४.

इतिहासाचा_किडा

:)) वातावरणनिर्मितीसाठी एक देतो. न्यू यॉर्कच्या ५२ व्या रस्त्यावरच्या '२१' क्लबचं तळघर शेजारच्या १९ नंबरच्या इमारतीखाली होतं. पोलीस आले की मालक छातीठोकपणे सांगू शकत की या इमारतीत दारूचा थेंब नाही. भिंतीसारखं दिसणारं दार दोन टनांच्या वर, आणि ते उघडायचं कसं, तर विटांच्या फटीत मांस भाजायची लांब सळई खुपसून. लेकीला सांगा, सजावटीत वापरेल.

द्राक्षाच्या विटाही विकत त्या काळी. वाळवलेला अर्क, पाण्यात विरघळवून रस करायचा. वर सूचना की हा रस वीस दिवस कपाटात ठेवू नका, नाहीतर त्याची वाइन होईल.

फक्त_सरबत

म्हणजे कृतीच छापली होती की!

पेगमास्तर

बारा जणांचा हिशोब लिहून देतो. आपल्याकडची जिन बहुधा ४२.८ टक्के असते (लेबलवर २५ यू.पी. लिहितात ते तेच). ६० मिलीचे दोन ग्लास झाले की माणसं 'पुरणपोळी' विसरतील. ४५ मिली धरा, लिंबू १२, मधाचं पाणी १५. आठ-नऊ पिणारे, दोन-दोन ग्लास, म्हणजे एक बाटली जेमतेम संपेल, दुसरी हाताशी असू द्या. जिन आदल्या रात्री फ्रीजरमध्ये आडवी टाका, गोठत नाही, फक्त दाट होते. लिंबं त्याच दिवशी दुपारनंतर पिळा, शिळ्या रसाला वास येतो. एका वेळी दोनच ग्लास हलवा. आणि गाड्या कोण चालवणार ते आधी ठरवा.

आसावरी_ठाणे

धन्यवाद सगळ्यांना. आता थेट पार्टीनंतर येते.

वाचनमात्र_होतो

फोटू नाही तर धागा फाऊल, आधीच सांगतोय.

बोका_वाकडेवाडी

रविवार झाला. सोमवार झाला. धागाकर्ती गायब. पोलीस आले असावेत.

आसावरी_ठाणे

आले आले. दोन दिवस भांडी आवरत होते.

बहुफुली मध, १:१ पाणी, कागदी लिंबू १२ मिली, हाताने पिळलेलं. कॅसरोलचा बर्फ पहिल्यांदा केला तो मधोमध फुगून फुटला, कारण मी २४ तासांच्या वर ठेवला. दुसरा अठरा तासांनी काढला. सुरी, लाटणं, टक्. खरंच सरळ फुटला! त्या आवाजाचा मला नाद लागला, सहा लाद्या जास्तीच्या फोडल्या. काकांनी सांगितलेली आंटीची पद्धत पाळली: चुरा वेगळा, खडे वेगळे. चुऱ्यावर काळं मीठ घालून लेकीला दिलं.

बीज नीज पहिल्या अर्ध्या तासात इतकं उठलं की साउथ साइड दहानंतरच सुरू केलं. कडूपणा अजिबात नाही. आधी मध, मग लिंबू आणि अगदी शेवटी तो ज्युनिपरचा पाइनसारखा वास. नवऱ्याने दुसरा ग्लास मागताना "जेवणानंतर" असं म्हटलं नाही. फ्रेंच ७५ ला सुलाची ब्रूट, आणि शेकरपाशी मी दिराला फिरकू दिलं नाही.

सासूबाईंना धन्या-वेलचीचं दिलं, त्याच ग्लासात. त्या रात्रभर "मला अजून एक बीज" म्हणत होत्या आणि पाहुण्यांना वाटत होतं की आजी भलत्याच फॉर्मात आहेत. फोटो टाकत नाही, चेहरे आहेत. धागा फाऊल तर फाऊल.

एडिसनकर

अभिनंदन. या वीकेंडला मी कागदी लिंबाने करून बघणार आहे. इथे मेक्सिकन दुकानात 'की लाइम' म्हणून मिळतं. कोणाला सांगू नका.

पेगमास्तर

स्क्रीनशॉट घेतलाय.

अप्पा_सातारकर

सूनबाई, वाढदिवस चांगला पार पडला, आनंद आहे. ते धन्याचं पाणी किती माणसांना किती धने, हे त्या काष्ठौषधीबाई सांगतील का? आमच्याकडे नातवाची मुंज आहे.

काष्ठौषधी

अप्पाकाका, लिटरला दोन मोठे चमचे धने, किंचित भरडून. मुंजीला ज्युनिपर घालू नका, भटजी विचारतील.